मूठभर वाटाणे

३ सप्टेंबर

आजपासून लिहायचं ठरवलं. या हॉस्टेलमध्ये मन मोकळं करावं असं एकच माणूस आहे आणि मला नेमकं तिच्याबद्दलच बोलायचं आहे, मग दुसरं काय करणार?

शाळा आता अर्धीच उरली आहे. खालचा मजला लष्कराने दवाखान्यासाठी घेतला. जिथे आम्ही रंगपेटी सांडून शिव्या खाल्ल्या त्या चित्रकलेच्या वर्गात आता खाटा आहेत. वरच्या मजल्यावर एकेका बाकावर चार-चार मुली कोंबल्या आहेत. आणि गच्चीवर कबूतरखाना. तो पूर्वी जीवशास्त्राच्या बाईंची हौस होती. आता फोनच्या तारा रोज तुटतात, रेडिओवर शत्रू कान लावून बसलेला असतो, म्हणून लष्कराला आमची कबुतरं लागतात. करंडीत घालून लांब न्यायची, पायाच्या नळीत निरोप घालून सोडायची, की ती सरळ आमच्या गच्चीवर घरी परत. त्यांची देखभाल दोघींकडे आहे. मी आणि झिपरी.

झिपरीचं खरं नाव फक्त हजेरीपटात आहे. केसांना कंगवा लागला तर पाप लागेल अशी तिची समजूत असावी. ती मला मास्तरीण म्हणते. म्हणू दे. उजाडायच्या आत उठून विष्ठा खरवडते कोण? मी. पाण्याची भांडी घासते कोण? मी. दाण्यांच्या डब्याची किल्ली बाईंनी माझ्याच गळ्यात घातली आहे, कारण दोघींत जबाबदार मी. आणि ही बया दातात ब्रश धरून, पायात दोन वेगळ्या चपला घालून वर येते आणि सगळी कबुतरं भर्रकन उडून तिच्या खांद्यावर! माझ्या हातात दाणे असतानासुद्धा.

मला त्याचं काही वाटत नाही. नुसतं लिहून ठेवते आहे.

८ सप्टेंबर

लष्कराच्या सिग्नल खात्याचे, म्हणजे निरोपांचं काम बघणारे साहेब आले होते. शिडशिडीत, सारखे घड्याळ बघणारे. म्हणाले, महिनाअखेर पुलाजवळच्या चौकीवर आपली काही कबुतरं कायम तयार ठेवायची आहेत. त्यासाठी इथे एक मुलगी प्रमुख हवी. आलेला निरोप पहिल्यांदा तिच्या हातात, तिला पितळी बिल्ला, आणि कोणती कबुतरं पाठवायची तेही तीच ठरवणार. प्रमुख कोण ते चाचणीत ठरेल. माझं एक कबूतर आणि झिपरीचं एक, दोन्ही पुलावरून एकदम सोडायची. ज्याचं आधी येईल ती प्रमुख.

पुलाजवळच्या चौकीत माझा दादा आहे. दोन महिने त्याचं पत्र नाही. आई डबे भरायच्या कारखान्यात दिवसभर उभी असते आणि घरी आल्यावर दारातल्या पेटीत हात घालून बघते, असं शेजारच्या काकूंनी कळवलंय. तेव्हा मला प्रमुख व्हायचंय ते काही बिल्ल्यासाठी नाही.

हे मी झिपरीला सांगितलं. ती म्हणाली, "अगं, मी झाले तरी पुलाचा निरोप आला की आधी तुलाच हाक मारीन. धावत खाली येईन. शप्पथ." आणि लगेच पावशेरच्या मानेखाली खाजवायला लागली.

पावशेर म्हणजे तिची कबुतरीण. एवढासा जीव, म्हणून पावशेर. माझा सुभेदार तिच्या दीडपट आहे, छाती काढून चालतो. पण मागच्या सगळ्या फेऱ्यांत पावशेरच आधी आली आहे. माझ्या अंगाचा तिळपापड होतो तो तिच्या जिंकण्याने नाही. जिंकल्यावर झिपरी माझ्याच गळ्यात पडते आणि "आपण जिंकलो" म्हणते, त्याने होतो. कोण आपण?

१३ सप्टेंबर

आज बाईंनी दोघींना पुन्हा एकदा बजावलं. उडवायच्या आदल्या संध्याकाळपासून उपास. उपाशी कबूतर घरच्या दाण्यासाठी जीव तोडून येतं. भरल्या पोटाचं वाटेत पाणी शोधतं, कुणाच्या तरी छपरावर पिसं साफ करत बसतं आणि मग सवडीने येतं. त्यातून कोरडे वाटाणे खाल्ले तर विचारूच नका, ते आत फुगतात.

बाई गेल्यावर झिपरी म्हणाली, "मला उपास कुणी केला आणि कुणी नाही ते लगेच कळतं. बघ." तिने माझा अंगठा धरला आणि सुभेदारच्या गळ्याखालच्या पिशवीवर ठेवला. "रिकामी असली तर मऊ. दाणे असले तर खड्यांच्या पुरचुंडीसारखी लागते. डोळे मिटूनसुद्धा सांगेन, ज्वारी आहे की मका आहे की वाटाणा."

मला काही कळलं नाही. तीन वेळा करून बघितलं. ती हसायला लागली, "मास्तरीणबाई, नापास!" हसण्यात काही वाईट नव्हतं, हे मला माहीत आहे. तरी दिवसभर ते डोक्यात घोळत राहिलं.

पुस्तकातलं मला सगळं येतं. हिला पुस्तकात काय लिहिलंय ते माहीतही नाही. मग हिलाच का येतं?

२० सप्टेंबर, सकाळ

ट्रक आत्ताच गेला.

झिपरी करंड्यांचे पट्टे आणायला खाली गेली होती. गच्चीवर मी एकटीच होते. पावशेरने करंडीच्या फटीतून चोच बाहेर काढली. भुकेली होती बिचारी. गळ्यात किल्ली होती, डबा शेजारीच होता.

मूठभर वाटाणे. बस्स. पटापट खाल्ले तिने.

थोडी उशिरा येईल, एवढंच. उशिरा येण्याने कुणाचं काय बिघडतं? ही काही लढाई नाही, चाचणी आहे. आणि झिपरीला बिल्ल्याचं काही पडलेलंच नाही, ती स्वतः म्हणते. मला दादा आहे, तिला कोण आहे? आई-बाप नाहीत, एक आत्या आहे ती पण विचारत नाही. गमावण्यासारखं माझ्याकडेच जास्त आहे.

हात धुतला. पुन्हा धुतला. आता वर जाऊन वाट बघते.

२२ सप्टेंबर

काल लिहिता आलं नाही. आज लिहिते.

परवा दुपारी सुभेदार आला. मी नळी काढली आणि जिने उतरत ओरडत सुटले. साहेबांनी घड्याळ बघितलं, माझ्याशी हस्तांदोलन केलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्याशी हस्तांदोलन केलं. बाई म्हणाल्या, शाब्बास. मी इतकी खूश होते की झिपरी वरच आहे हे माझ्या डोक्यात आलं, पण त्याचं वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं. बस वाट बघत, म्हटलं.

तेवढ्यात भोंगा झाला. सगळ्या मुली तळघरात. बाईंनी डोकी मोजली. "झिपरी कुठाय?" मी म्हणाले, "येतेय मागून." मला खरंच वाटलं होतं येईल. भोंगा झाला की कबुतरं आहेत तिथे ठेवून खाली यायचं हा नियमच आहे. पण तिची पावशेर आली नव्हती ना. ती गच्चीवर उभी राहून दाण्यांचा जुना, खडे घातलेला डबा खडखडवत होती. तो आवाज ऐकला की कबुतरं खाली उतरतात. तळघरात शिरताना जिन्यातून मला तो आवाज ऐकू आला होता. मी थांबले नाही.

बॉम्ब शेजारच्या धोबीघाटाच्या अंगणात पडला. आमच्या इमारतीवर नाही. पण गच्चीचा कठडा आत कोसळला आणि कबूतरखान्याच्या सगळ्या काचा फुटल्या. दवाखान्याचे लोक स्ट्रेचर घेऊन वर गेले. मला वर जाऊ दिलं नाही. तिला खाली आणलं तेव्हा चेहऱ्यावर चादर दिसली. मला वाटलं संपलं. पण चादर नव्हती, पट्ट्या होत्या. डोळ्यांत काचा गेल्या आहेत आणि छातीला मार आहे.

पावशेर तिच्या स्वेटरच्या आत जिवंत सापडली. पिसाला धक्का नाही. म्हणजे शेवटी आली होती ती.

संध्याकाळी मी उरलेल्या कबुतरांना दाणे टाकले. सगळी तुटून पडली. पावशेरने तोंड लावलं नाही. घाबरली असेल.

२५ सप्टेंबर

आज भेटायला सोडलं. ती आमच्याच चित्रकलेच्या वर्गात आहे, खिडकीजवळच्या खाटेवर. तिच्या डोक्यावरच्या भिंतीवर अजून कुणीतरी सहावीत काढलेल्या गायीचं चित्र आहे. गाय निळी आहे. तिला ते दिसत नव्हतं म्हणून मी सांगितलं. ती म्हणाली, "माझंच आहे ते, गाढवे. पांढरा रंग संपला होता."

मी हसले आणि मग मला रडू आलं. आवाज होऊ दिला नाही.

बाई पण आल्या होत्या. बाईंनी हळूच विचारलं, "पावशेरला इतका उशीर कसा झाला गं?" झिपरी म्हणाली, "माझीच चूक, बाई. मीच सकाळी दाणे घातले. राहवलं नाही."

"आणि किल्ली?"

"मास्तरीण आंघोळीला गेली होती तेव्हा काढून घेतली. तिला माहीत नाही."

बाईंचा चेहरा कसनुसा झाला. आजाऱ्याला बोलणार काय? उठून गेल्या.

किल्ली तर मी आंघोळीतसुद्धा काढत नाही. नर्स म्हणाली ताप खूप आहे. तापात माणूस काहीही बोलतं, न केलेलं केलं म्हणतं. मी विचार केला, आता लगेच खरं सांगावं का? पण तापातल्या माणसाला कशाला त्रास? उतरल्यावर सांगेन.

खरं सांगायचं तर जिना चढताना मला हलकं वाटत होतं. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलल्यासारखं. आणि त्या हलकेपणाची मला इतकी किळस आली की जेवण गेलं नाही. ताटात नेमके शिजवलेले वाटाणे होते.

२८ सप्टेंबर

बिल्ला मिळाला. प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर. मुलींनी टाळ्या वाजवल्या, पण तोंडातल्या तोंडात कुजबुज चालली होती, "झिपरीने नियम मोडला, म्हणून तर असं झालं." "तिला सवयच आहे." वर्गातली सगळ्यात आगाऊ मुलगी म्हणाली, "स्वतःच्या हाताने करून घेतलं, दुसरं काय."

मी त्यांना गप्प करायला हवं होतं. मी बिल्ल्याची पिन नीट बसते का ते बघत होते.

झोप लागत नाही. सुभेदार आता माझ्या हातावर येऊन बसतो. येईल नाही तर काय, दुसरा हातच नाही.

१ ऑक्टोबर

डॉक्टर बाईंना म्हणत होते की डोळे गेलेच, पण काळजी डोळ्यांची नाही, छातीत पू झाला आहे. औषधं आघाडीवर जातात, इथे उरत नाहीत. मी दाराआड उभी होते.

मग मी वर गेले, पावशेरला स्वेटरच्या आत घातलं आणि खाली आणलं. नर्सने बघितलं, पण पाठ फिरवली. चांगली बाई आहे.

झिपरीच्या हातात पावशेर दिली. तिच्या ओठांवर हसू आलं. नुसत्या ओठांवर, बाकी सगळी पट्टीच. तिने पंख चाचपले, पाय चाचपले आणि मग आपोआप अंगठा गळ्याखालच्या पिशवीवर गेला. तिथेच थांबला.

माझं तोंड उघडलं ते मी ठरवून नाही. "झिपरे, त्या दिवशी वाटाणे मी घातले."

"माहितीय," ती म्हणाली.

"तापात तुला वाटतंय की..."

"ताप नंतर आला, गं बाई. ही उतरली, मी हातात घेतली आणि अंगठा लावला. आत वाटाणे. ज्वारी नाही, मका नाही, वाटाणे. डब्याची किल्ली कुणाकडे असते ते कबुतरांना पण माहीत आहे. मी तिथेच उभी राहिले. म्हटलं, मास्तरीण असं कसं करील? खाली जायचं सुचलंच नाही मला. तोच विचार करत उभी होते आणि मग धडाम झालं."

एवढं बोलून तिला धाप लागली. मी पाण्याचा पेला तिच्या तोंडाला लावायला गेले, तिने मान फिरवली.

मी म्हणाले, "बाईंना का नाही सांगितलंस?"

"तुला हाकललं असतं. मग वर कोण बघणार? ती आगाऊ? तिला तर पिसं आणि विष्ठा यातला फरक कळत नाही." थोडं थांबून म्हणाली, "तुझ्यासाठी नाही सांगितलं मी. त्यांच्यासाठी. उगाच मनात मांडे खाऊ नकोस."

मी खाटेची दांडी धरून उभी होते. म्हणाले, "मला माफ कर." दुसरं काय म्हणतात मला माहीत नव्हतं.

"नाही जमत," ती म्हणाली. "प्रयत्न केला मी. पडून पडून दुसरं काय करते? नाही जमत. मला तुझा इतका राग आलाय की कधी कधी दुखणं विसरायला होतं." मग पावशेरला तिने माझ्याकडे सरकवलं. "हिला आता तू उडवत जा. पण प्रत्येक वेळी सोडायच्या आधी अंगठा लाव. तुला वाटेल, मी काही घातलेलं नाही, कशाला बघू? तरी लाव. तू स्वतःच्या हाताचा भरवसा धरायचा नाही. कळलं?"

"कळलं."

"आणि खोटं सांगत होते मी. तू नापास नव्हतीस त्या दिवशी. बरोबर जागी लावला होतास अंगठा. नुसती चिडवत होते."

४ ऑक्टोबर

झिपरी सकाळी गेली.

आत्या आली नाही. बाईंनी आणि मी केलं सगळं. केस विंचरायला घेतले, पण कंगवा जाईना, तसेच ठेवले. तिला तसंच आवडलं असतं.

५ ऑक्टोबर

लिहिण्यासारखं काही नाही. विष्ठा खरवडली. पाणी बदललं. रडले.

१२ ऑक्टोबर

पावशेर आणि आणखी काही कबुतरं चौकीवर पाठवली. प्रत्येकाला अंगठा लावला. आता मला कळतं, खड्यांची पुरचुंडी म्हणजे काय. साहेब घड्याळ बघत म्हणाले, "किती वेळ?" मी म्हणाले, "लागतो तेवढा." असं मी पूर्वी कुणाला बोलले नव्हते.

१९ ऑक्टोबर

पावशेर आली! डबा खडखडवला आणि ती थेट हातावर. निरोप बाईंनी वाचला. चौकी शाबूत आहे, आणि खाली वेगळ्या अक्षरात दादाने स्वतःची खूण केली होती. जिवंत आहे. बाई मला शोधत गच्चीपर्यंत आल्या असत्या, मी प्रमुख असते किंवा नसते तरी. झिपरी तर धावतच आली असती. हे तिने मला तोंडावर सांगितलं होतं आणि ते माझ्या याच वहीत माझ्याच अक्षरात आहे. आज मागे जाऊन वाचलं.

दादा कधी मध्ये नव्हताच. मला नुसतं तिचं चांगलं बघवत नव्हतं.

आईला कळवलं.

२६ ऑक्टोबर

शहराच्या दुसऱ्या टोकाची शाळा पडली, तिथल्या मुली आमच्यात आल्या. त्यातली एक माझ्या वयाची, तोतरी, नखं खाणारी, बाईंनी कबूतरखान्यात मदतीला पाठवली. दारातून आत आली आणि पावशेर उडून तिच्या डोक्यावर बसली. सुभेदार पण गेला! माझा सुभेदार!

आणि माझ्या पोटात कळ उठली. तीच. जुनी. मला वाटलं होतं झिपरीबरोबर तीही गेली, एवढं सगळं झाल्यावर ती कशी राहील? राहते. हात आपोआप गळ्यातल्या किल्लीवर गेला, तेव्हा मी इतकी घाबरले की तडक खाली बाईंच्या खोलीत गेले.

किल्ली टेबलावर ठेवली. शेजारी बिल्ला ठेवला. आणि सगळं सांगितलं, मूठभर वाटाण्यांपासून "येतेय मागून" पर्यंत. झिपरी म्हणाली होती की सांगितलंस तर हाकलतील, कबुतरांचे हाल होतील. पण आता ती नवी मुलगी आहे. तिच्याकडे कबुतरं सुखरूप राहतील. माझ्यापेक्षा जास्त.

बाईंनी चष्मा काढला आणि डोळ्यांवर हात धरून बसल्या. मी म्हणाले, "बाई, रागवा तरी." त्या म्हणाल्या, "पोरी, कुणाकुणावर रागावू? मोजणी मी केली होती. तू 'येतेय' म्हणालीस आणि मी दार लावून घेतलं." मग किल्ली त्यांनी स्वतःच्या गळ्यात घातली. बिल्ला खणात टाकला. "उद्या वेळेवर ये. विष्ठा तूच खरवडायची आहेस. दाण्याला हात लावायचा नाही."

"नाही लावणार."

मुलींना उद्या प्रार्थनेनंतर मी स्वतः सांगणार आहे. थुंकतील. थुंकू देत. झिपरीवर थुंकत होत्या ते तरी थांबेल.

२७ ऑक्टोबर

सांगितलं. नंतर माझ्या बाकावर कुणी बसलं नाही. जेवताना पण नाही. काल रात्री मात्र मला गाढ झोप लागली होती, सकाळी नवीने हलवून उठवलं.

आज पावशेरला पुन्हा चौकीवर जायचं होतं. नवीने तिला हातात धरलं होतं. मी तिचा अंगठा धरून बरोबर जागी टेकवला.

"मऊ ल-लागतंय," ती म्हणाली.

"म्हणजे रिकामी. रोज असं बघायचं. कुणी सांगितलं, उपाशी आहे, तरी बघायचं."

"तू सांगितलंस तरी?"

"मी सांगितलं," मी म्हणाले, "तर दोनदा बघ."